पुणे-चाकण वाहनउद्योग समूह आणि बहुराष्ट्रीय कंपन्या

पुणे शहराच्या उत्तरेस व वायव्येस पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव आणि ईशान्येस रांजणगाव या पट्ट्यात पसरलेला, वाहने व त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांचा समूह. मोटारी, व्यापारी वाहने, दुचाकी व तीनचाकी वाहने, डिझेल इंजिने, घडीव व ओतीव भाग, साचे आणि वाहनांसाठीची संगणकप्रणाली अशी त्याची व्याप्ती आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी एखाद्या प्रादेशिक उद्योगसमूहाला कसे वळण दिले, याचे हे भारतातील ठळक उदाहरण मानता येते.

संकल्पना : एकाच धंद्यातील कारखाने एका ठिकाणी जमले की कुशल कामगार, पुरवठादार आणि कसबाची देवाणघेवाण यांचा लाभ सर्वांना मिळतो, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये मांडले. मायकेल पोर्टर यांनी १९९० नंतर ‘क्लस्टर’ ही संज्ञा रूढ केली. ॲन मार्कुसन यांनी १९९६ मध्ये अशा समूहांचे प्रकार पाडले : लहान उद्योगांचे स्वयंभू जाळे, मोठ्या कंपनीभोवती उभे राहिलेले पुरवठादार, बाहेरच्या कंपन्यांच्या शाखांचा तळ आणि शासकीय संस्थेवर आधारलेला समूह. पुण्यात या चारही प्रकारांच्या खुणा कमीअधिक प्रमाणात सापडतात.

पायाभरणी : मोठ्या विदेशी मोटार कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी येथे यंत्रकामाची परंपरा होती. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे. खडकीत १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, तर पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १९६२ मध्ये झाली आणि भूखंड, पाणी व रस्ते एकत्र मिळू लागले. मुंबईतील उद्योगांची दाटी कमी करण्याचे राज्याचे धोरण आणि मुंबई बंदराशी असलेली जवळीक या दोन्ही गोष्टी पुण्याच्या पथ्यावर पडल्या. वाहनांच्या चाचणीसाठी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ मध्ये सुरू झाली.

सहकार्य करारांचा काळ : परवाना पद्धतीच्या दिवसांत विदेशी कंपनी बहुधा भारतीय भागीदाराच्या हाताला धरून येई. बजाज टेम्पोने जर्मनीच्या टेम्पो कंपनीचे, तर बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओचे तंत्रज्ञान घेतले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्सबरोबर किर्लोस्कर कमिन्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. एसकेएफ, सँडविक, ॲटलास कॉप्को व अल्फा लाव्हाल या स्वीडिश कंपन्यांनी चिंचवड-दापोडी परिसरात कारखाने काढले. पियाजिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला, तरी बजाजचा कारखाना, त्याचे पुरवठादार व कारागीर मागे राहिले. पुढच्याच वर्षी बजाजची ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली.

टेल्कोची (आजची टाटा मोटर्स) वाट थोडी निराळी होती. डाइमलर-बेन्झबरोबरचा तिचा करार जमशेदपूरच्या कारखान्यासाठी १९५४ मध्ये झाला व १९६९ मध्ये संपला. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात मात्र कंपनीने यंत्रे, साचे, संशोधन आणि शिकाऊ उमेदवारांचे प्रशिक्षण यांपासून सुरुवात केली. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले, तोवर मनुष्यबळ तयार झाले होते. येथे आणि बजाजमध्ये हात बसलेल्या अनेकांनी पुढे भोसरी व चिंचवड येथे स्वतःच्या शेड टाकल्या. भारत फोर्जसारख्या कंपन्यांनी घडीव भागांची बाजू सांभाळली.

उदारीकरणानंतर : १९९१ च्या औद्योगिक धोरणानंतर आणि १९९३ मध्ये मोटारींवरील परवान्याचे बंधन उठल्यावर विदेशी कंपन्या थेट येऊ लागल्या. मर्सिडीज-बेन्झने १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात मोटारींची जुळणी सुरू केली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उघडला. कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे चाकण त्यानंतरच्या काळात मोटारींचे गाव झाले. फोक्सवॅगनने सुमारे ५८ कोटी युरो गुंतवून उभारलेला चाकणचा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना त्याआधी, २००८ मध्ये सुरू झाला होता. रांजणगावला फियाट व टाटा यांचा संयुक्त प्रकल्प चालू लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि न्हावा-शेवा येथील बंदर यांमुळे निर्यात सुकर झाली. चाकणमधून फोक्सवॅगनने मेक्सिकोला, तर रांजणगावमधून जीपने उजव्या बाजूला सुकाणू असणाऱ्या देशांना मोटारी पाठविल्या.

प्रभावाचे मार्ग : पहिला मार्ग पुरवठासाखळीचा. मोटार कंपनीचा ‘व्हेंडर’ व्हायचे तर मोजमापातील अचूकता, प्रत्येक भागाची नोंद आणि ठरल्या वेळी माल पोहोचविण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते. ती एकदा जमली की तोच उद्योजक दुसऱ्या कंपनीचे व परदेशाचे काम घेऊ शकतो. लिथुआनियातील कारखान्यांवरील बिएटा याव्होर्चिक यांच्या २००४ मधील अभ्यासातही विदेशी कंपन्यांचा लाभ मुख्यतः त्यांना माल पुरविणाऱ्यांकडे झिरपतो, असे दिसले. याउलट, व्हेनेझुएलावरील एटकेन व हॅरिसन यांच्या १९९९ मधील अभ्यासात त्याच धंद्यातील देशी प्रतिस्पर्ध्यांची उत्पादकता घटल्याचे आढळले.

दुसरा मार्ग मनुष्यबळाचा. कमिन्सच्या साहाय्याने महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. तिसरा मार्ग शेजारच्या धंद्यांत शिरण्याचा : २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेक ही कंपनी पुण्याच्या केपीआयटीत विलीन झाली आणि वाहनांची संगणकप्रणाली हे पुण्याचे आणखी एक कौशल्य ठरले. प्रवाह उलटही वाहिला. भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस ही घडीव भाग बनविणारी कंपनी विकत घेतली.

शासकीय धोरण : स्थानिकीकरणाचा सारा वाटा कंपन्यांच्या मर्जीने वाढला नाही. सुट्या भागांचे संच आयात करून मोटारी जुळविणाऱ्यांनी तीन वर्षांत ५० टक्के व पाच वर्षांत ७० टक्के भाग देशात घ्यावेत, अशी अट केंद्र शासनाने डिसेंबर १९९७ मध्ये घातली. युरोपीय समुदाय व अमेरिका यांच्या तक्रारींवर जागतिक व्यापार संघटनेच्या लवादमंडळाने २००१ मध्ये भारताविरुद्ध निर्णय दिला आणि अट मागे पडली. तरी आयात शुल्क व किमतीची स्पर्धा यांमुळे कंपन्यांना स्थानिक पुरवठादारांवाचून गत्यंतर उरले नाही.

मर्यादा : बहुराष्ट्रीय कंपन्या आपल्याबरोबर आपले मोठे पुरवठादारही आणतात. मग स्थानिक लघुउद्योजक साखळीत खालच्या पायरीवर जातो आणि दुसऱ्याच्या आराखड्यावर ‘जॉब वर्क’ करतो. दर कमी करण्याचा दबाव आणि उशिरा मिळणारी बिले त्याच्या वाट्याला येतात. काही जुनी संयुक्त नावे विदेशी समूहांत विरून गेली, उदाहरणार्थ कल्याणी ब्रेक्स ही बॉश समूहात गेली. कंत्राटी कामगारांचे वाढते प्रमाण, शेतजमिनीचे संपादन आणि चाकण-तळेगाव रस्त्यावरील वाहतूककोंडी हे प्रश्नही या वाढीबरोबर आले.

निर्णयाची सूत्रे बाहेर असल्याचा परिणाम तळेगावात दिसला. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबविली आणि डिसेंबर २०२० मध्ये येथील उत्पादनही बंद केले. हजाराहून अधिक कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न न्यायालयात गेला. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये कारखाना घेण्याचा करार केला होता. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली आणि २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला. अखेर दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये करार केला व जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण केला. कंपनी गेली तरी भोवतालचा समूह शाबूत असल्याने कारखान्याला दुसरा मोठा उत्पादक मिळाला. कामावरून गेलेल्यांना मात्र मधल्या वर्षांची भरपाई त्यातून होत नाही.

मूल्यमापन : पुण्याचा समूह बहुराष्ट्रीय कंपन्यांनी निर्माण केला, असे म्हणता येत नाही. सार्वजनिक संस्था, देशी उद्योगसमूह आणि शिकलेले कारागीर यांनी आधी जमीन तयार केली होती. म्हणूनच बाहेरून आलेले तंत्र येथे रुजले. या कंपन्यांनी समूहाचा आवाका वाढविला, त्याला निर्यातीची बाजारपेठ जोडली आणि पुरवठादारांना चढत्या दर्जाचे वळण लावले. विजेवरील वाहनांत परंपरागत इंजिन व त्याचे अनेक घडीव-ओतीव भाग नसतात. त्यामुळे या भागांवर गुजराण करणाऱ्या भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांना नवी कामे शोधावी लागत आहेत, आणि आराखडे स्वतः करण्याची क्षमता ज्यांनी कमावली आहे त्यांना हे वळण इतरांपेक्षा सोपे जाईल.