तोंड व घशाच्या कर्करोगात रेडिएशन: कोणते त्रास होतात आणि घरी काय करावे?

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये किंवा परळच्या टाटा रुग्णालयात रेडिएशन सुरू झालेले रुग्ण मधल्या काळात आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात. तक्रार बहुधा एकच असते, "डॉक्टर, पहिले दहा दिवस काहीच नव्हते, आता पाणीही गिळवत नाही."

हे अपेक्षित आहे. उपचार साधारण 6 ते 7 आठवडे, आठवड्यातून 5 दिवस चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड व घसा सोलवटू लागतो, चव जाते, लाळ घट्ट होते, मानेची त्वचा काळवंडते. शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास वाढू शकतो, मग हळूहळू उतरतो.

एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करा. पेज, नाचणीचे सत्त्व, तूप घातलेला मऊ वरणभात, अंडे चालेल. तिखट, आंबट, गरम नको. मानेवर बाम, हळद किंवा तेल लावू नका. जेवण अगदी कमी झाले तर नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, असे घरचे समजतात. तसे नाही. वजन टिकावे म्हणून ती असते व नंतर बहुतेकांची निघते.

मधेच उपचार थांबवू नका, गणपतीला गावी जायचे असले तरी. खंड पडला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. मशीनच्या रेडिएशनने रुग्णाच्या अंगात किरणे राहत नाहीत. नातवंडांना खुशाल जवळ घ्या.

दातांकडे मात्र फार दुर्लक्ष होते. खराब दात रेडिएशनआधीच काढून घ्या, जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात. नंतर, अगदी दहा वर्षांनीही, रेडिएशन झाल्याचे सांगितल्याशिवाय दात काढू देऊ नका. जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही आणि हाड कुजू शकते. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करा. स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, ते पाहत राहा. मानेला शेक दिला असेल तर दर 6 ते 12 महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. सुस्ती, वजनवाढ "अशक्तपणा" म्हणून सोडून देऊ नका.

तंबाखू, गुटखा, मिश्री पूर्ण बंद.

100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, तोंडातून रक्त, श्वासाला त्रास किंवा पाणीही गिळता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.