संगणक समूहातील संकलन-संघर्ष

संगणक समूहातील संकलन-संघर्ष म्हणजे क्लस्टरवर चालणाऱ्या अनेक प्रक्रियांनी एकाच वेळी, एकाच सामायिक डिरेक्टरीत, त्याच प्रोग्रामचे संकलन (कंपाइलेशन) करू लागल्यामुळे उद्भवणारा दोष होय. यामुळे काम अर्धवट थांबते किंवा अकारण लांबते. क्वचित प्रसंगी अपुरी लिहिलेली संकलित फाइलच वाचली जाते.

== कारणे ==
क्लस्टरमधील प्रत्येक नोडला स्वतःचे प्रोसेसर व स्मृती असते. वापरकर्त्याची होम डिरेक्टरी मात्र बहुधा एनएफएस किंवा लस्टर यांसारख्या फाइल प्रणालीमार्फत सर्व नोडना एकच दिसते. ज्युलिया ही भाषा आणि पायथनमधील नुम्बा व थिआनो ही साधने प्रोग्राम चालवतानाच संकलन करतात आणि त्याचे फलित पुढील वेळेसाठी साठवू शकतात. ज्युलिया व थिआनो यांचा साठा मूलतः होम डिरेक्टरीतच असतो. वैयक्तिक संगणकावर ही सोय उत्तम चालते. क्लस्टरवर मात्र स्लर्मसारख्या कार्यनियोजकाने २०० प्रक्रिया एकदम सुरू केल्या, की प्रत्येक प्रक्रिया साठा तपासते, तो रिकामा पाहते आणि संकलनास लागते.

हा दोष ओळखणे कठीण असते, कारण तो दर वेळी दिसत नाही. पहिल्या अपयशी प्रयत्नात साठा भरलेला असल्याने तेच काम पुन्हा दिल्यावर अनेकदा सुरळीत पार पडते. साहजिकच दोष यंत्रसामग्रीवर ढकलला जातो.

== भिन्न प्रोसेसरांचा प्रश्न ==
टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या क्लस्टरमध्ये जुने-नवे प्रोसेसर एकत्र नांदतात. इंटेलच्या २०१७ मधील स्कायलेक पिढीच्या झिऑन प्रोसेसरांत एव्हीएक्स-५१२ हा सूचनासंच आहे. त्याआधीच्या हॅसवेल व ब्रॉडवेल पिढ्यांत तो नाही. नव्या नोडवर त्या नोडच्याच प्रोसेसरसाठी संकलित केलेला प्रोग्राम जुन्या नोडवर ‘अवैध सूचना’ अशा त्रुटीने बंद पडू शकतो. ज्युलिया अशी विसंगत फाइल नाकारून पुन्हा संकलन करते. त्यामुळे त्रुटी टळली तरी वेळ वाया जातो. यावर उपाय म्हणून संकलनाच्या वेळीच लक्ष्य प्रोसेसरांची यादी देता येते.

== टाळण्याच्या पद्धती ==
सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे संकलन व गणना यांची फारकत. मुख्य काम देण्यापूर्वी एका छोट्या स्वतंत्र कामात एकाच प्रक्रियेकडून सर्व पॅकेजेस संकलित करून घ्यावी लागतात. नंतरच्या प्रक्रिया ती केवळ वाचतात. हे छोटे काम लॉगिन नोडऐवजी गणना नोडवर चालवणे श्रेयस्कर ठरते, कारण लॉगिन नोडचा प्रोसेसर वेगळा असू शकतो आणि त्यावर ग्राफिक्स प्रोसेसर बहुधा नसतो.

एमपीआय प्रोग्राममध्ये हेच तत्त्व आतूनही राबवता येते: शून्य क्रमांकाची प्रक्रिया संकलन करते आणि इतर प्रक्रिया अडथळ्यापाशी, म्हणजे बॅरिअरवर, थांबून राहतात. येथे एक खाच आहे. लिनक्सवरील एनएफएस डिरेक्टरीची माहिती मूलतः ३० ते ६० सेकंद स्वतःजवळ जपून ठेवते. परिणामी बॅरिअर ओलांडल्यानंतरही एखाद्या नोडला नवी फाइल काही काळ दिसत नाही आणि ती पुन्हा संकलन सुरू करू शकते.

दुसरा मार्ग साठा वेगळा करण्याचा आहे. थिआनो, नुम्बा व ज्युलिया या तिन्हींत साठ्याची जागा पर्यावरण चलाद्वारे बदलता येते; पायथनच्या स्वतःच्या बाइटकोडसाठीही ३.८ या आवृत्तीपासून तशी सोय आहे. ही जागा नोडच्या स्थानिक डिस्कवर ठेवल्यास नोडांमधील संघर्ष संपतो. त्याच नोडवरील प्रक्रियांसाठी मात्र काम किंवा प्रक्रियेचा क्रमांक डिरेक्टरीच्या नावात घालावा लागतो. याची किंमत उघड आहे: तेच संकलन अनेकदा होते.

== लॉक व अविभाज्य नामांतर ==
लॉक-फाइलमुळे एका वेळी एकच प्रक्रिया संकलन करते. थिआनोमध्ये संपूर्ण साठ्यासाठी एकच लॉक असल्याने मोठ्या कामांत इतर प्रक्रिया दीर्घकाळ ताटकळत. ज्युलियाच्या १.१० या आवृत्तीत (डिसेंबर २०२३) प्रत्येक साठा-फाइलसाठी स्वतंत्र, प्रक्रिया-क्रमांकावर आधारित लॉक आला. तोपर्यंत एकच डेपो वापरणाऱ्या प्रक्रिया परस्परांच्या फाइली बिघडवू शकत. लॉक धरलेली प्रक्रिया कार्यनियोजकाने मध्येच संपवल्यास लॉक-फाइल मागे उरते, आणि ती शिळी आहे हे दुसऱ्या नोडवरून ठरवणे सोपे नसते.

लॉकशिवायही अर्धवट फाइल वाचली जाणे टाळता येते. फलित प्रथम तात्पुरत्या नावाने लिहून मग अंतिम नाव देतात. पॉझिक्स मानकानुसार हे नामांतर अविभाज्य असते, त्यामुळे वाचणाऱ्यास जुनी फाइल मिळते किंवा संपूर्ण नवी. दोन्ही नावे एकाच फाइल प्रणालीत असणे मात्र अत्यावश्यक आहे. तात्पुरती फाइल स्थानिक डिस्कवर लिहून ती होम डिरेक्टरीत ‘हलवली’, तर प्रत्यक्षात प्रत काढून मूळ फाइल पुसली जाते, आणि प्रत निघत असतानाची अपुरी फाइल इतरांना दिसू शकते.