वऱ्हाडांतील उतारूची खोली

इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजघराण्यांच्या वंशावळी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आज मात्र एका अगदीं साध्या वस्तूचा इतिहास आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. परगांवीं गेलेल्या माणसास रात्रीपुरती मिळणारी खोली, ही ती वस्तु. अमरावती, अकोला किंवा दुसऱ्या कोणत्याहि शहरीं लग्नकार्यासाठीं, कोर्टाच्या तारखेसाठीं अथवा दवाखान्याच्या कामासाठीं जो गेला आहे, त्यास या खोलीचा स्वभाव ठाऊक असतोच. पंख्याचें बटण दाराजवळ आणि पलंग समोरच्या भिंतीस. तेव्हां रात्रीं गारवा वाटला तर अंधारांत चांचपडत उठावें. ओला पंचा वाळत घालावा तर खुंटी नाहीं. न्हाणीघराची फरशी अशी कीं पाणी मोरीकडे न जातां दाराकडे येतें. गरम पाणी सोडूं जावें तर वरच्या झारीचें थंड पाणी आधीं डोक्यावर कोसळतें. भिंतीवर मोठें चित्र टांगलेलें असतें, पण चष्मा ठेवावयास उशाशीं फळी नसते.

कोणी म्हणेल, एका रात्रीचा तर प्रश्न, त्याची एवढी चिकित्सा कशाला? परंतु मला या गैरसोयींत एक अर्थ दिसतो. खोली बांधणाऱ्याच्या मनांत येणाऱ्या पाहुण्याचें कांहींएक चित्र असतें. कोणाची गरज त्यानें पहिल्यानें धरली, कोणाची मागाहून, आणि कोण त्याच्या ध्यानींमनींहि नव्हता, हें सारें दार, खिडकी आणि खुंटी यांवरून वाचतां येतें. वऱ्हाडच्या वाटांवरील मुक्कामाच्या जागा आपण आज अशा रीतीनें वाचून पाहूं.

रेल्वेपूर्वीच्या काळीं सातपुडा उतरून बऱ्हाणपुराकडून येणारा माणूस बाळापुराच्या बाजूनें वऱ्हाडांत शिरे. मोंगली अमदानींत बाळापूर हें लष्कराचें महत्त्वाचें ठाणें होतें. मिर्झा राजा जयसिंगाच्या नांवाची दगडी छत्री तेथें नदीकांठीं अद्याप उभी आहे. त्या काळची सराई म्हणजे चौफेर भिंत, एकच मोठा दरवाजा, मध्यें अंगण आणि कडेनें अंधाऱ्या कोठड्या. दरवाजा रात्रीं बंद होई. अंथरूण, भांडीं आणि शिधा ज्यानें त्यानें आपला आणावयाचा. कोठडीस खिडकी नसे, कारण ती बांधणाऱ्यास वाऱ्यापेक्षां चोराची आठवण अधिक होती. जीव व माल सकाळपर्यंत शाबूत राहावा, एवढेंच उतारूचें मागणें असे, आणि सराई तें पुरवी. हिंदुस्थान सरकारनें १८६७ सालीं सराईंचा कायदा केला. सराई स्वच्छ ठेवावी, भिंती, दरवाजे व गटारें दुरुस्त असावींत, पहारेकरी नेमावा आणि दरांचा तक्ता सर्वांस दिसेल असा लावावा, हीं कर्तव्यें त्यानें सराईच्या चालकावर घातलीं. दीडशें वर्षांहून जुना हा कायदा ऐकतांना आपल्या मनांत येतें कीं, यांतील गटारांची अट तरी अद्याप पुरी व्हावी!

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला आणि साहेबांचे दौरे सुरू झाले. त्यांच्यासाठीं सडकांच्या कडेनें डाक बंगले उभे राहिले. रुंद व्हरांडा, उंच छत, आरामखुर्ची, दिमतीस खानसामा, भिंतीवर नियमांचा फलक, आणि तक्रार लिहावयास वही! चोवीस तास झाल्यावर दुसरा प्रवासी आला तर पहिल्यानें जागा सोडावी, असा या बंगल्यांचा शिरस्ता असे. व्यवस्था चोख होती, यांत शंका नाहीं. पण तिचा माप घेण्याचा गज साहेबाच्या अंगाचा होता. उन्हाळ्यांत तो चिखलदऱ्यास जाई आणि आमचा शेतकरी आपली दमणी सडकेच्या कडेस सोडून, बैलांस वैरण घालून, तिच्याच सावलींत पडे.

पुढें आगगाडी आली. भुसावळाहून निघालेला रस्ता अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा पूर्वेस सरकत १८६७ सालीं नागपुरास पोंचला. येथें अमरावतीकरांची जुनी अडचण सुरू झाली. कापसाची एवढी मोठी पेठ, पण मुख्य रस्ता तिला सोडून सुमारें सहा मैलांवरील बडनेऱ्यावरून गेला. मागाहून बडनेरा ते अमरावती फांटा झाला खरा, परंतु गाडी बदलण्याचा प्रसंग पिढ्यानुपिढ्या टळला नाहीं. मूर्तिजापुरासहि तोच प्रकार. तेथून एका अंगास यवतमाळ व दुसऱ्या अंगास अचलपूर गांठणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोकांनीं प्रेमानें शकुंतला म्हटलें, तिच्यावर १९२३ पासून १९९४ पर्यंत मँचेस्टरचें वाफेचें इंजिन धांवलें. आतां ती गाडी बंद पडली आहे. ती चालू असतां मोठी गाडी उशिरा आली आणि लहान गाडी निघून गेली, तर उतारूची रात्र स्थानकावरच जावयाची.

ही रात्र कशी जाई, हें तिकिटावर अवलंबून असे. वरच्या वर्गांस बंद दालन, खुर्च्या आणि आरसा. तिसऱ्या वर्गास उघडा मुसाफिरखाना. पाणीसुद्धां 'हिंदु पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असें वेगळें मिळे. १९१७ सालीं गांधीजींनीं तिसऱ्या वर्गाच्या हालांवर एक लेख लिहिला. मुंबईहून मद्रासेकडे जातांना ज्या डब्यांत ते बसले, त्यावर २२ उतारूंची सोय असल्याचें लिहिलेलें होतें. परंतु तितके लोक तेथें कसेबसे बसूं शकत, निजणें अशक्यच, असें त्यांनीं नोंदविलें. त्या २२ या आंकड्यांतच बांधणाऱ्याची दृष्टि दिसून येते. रेल्वेची सर्वांत अधिक गर्दी ज्या वर्गाची, त्याला रात्रीं झोंप येते हें हिशेबांत धरलेंच नव्हतें.

येथवर आपण ज्यांना वाईट खोली मिळाली त्यांचें बोललों. आतां ज्यांना खोलीच मिळत नसे त्यांची गोष्ट. धर्मशाळा पुण्यासाठीं बांधीत, पण त्या पुण्याच्या सीमा पुष्कळदां दात्याच्या जातीपाशीं संपत. त्याच १९१७ सालीं अमेरिका व इंग्लंड येथें शिकून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठीं बडोद्यास गेले, आणि तेथें त्यांस बिऱ्हाड मिळेना. शेवटीं पारशी उतारूंच्या एका पथिकाश्रमांत पारशी नांव सांगून ते राहिले. वरच्या मजल्यावर लहान खोली, शेजारीं नळ असलेली न्हाणी, आणि बाकी सर्व मोडक्या सामानानें भरलेलें दालन; रात्रीं उजेडास एक कंदील. हें वर्णन त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या लोकांनीं येऊन त्यांस बाहेर काढलें. त्या खोलीची गैरसोय त्यांनीं सोसली होती. ती खोली सोडण्याचें दुःख मात्र वर्षें लोटल्यावरहि ते विसरले नाहींत. पुढें १९५० सालीं अमलांत आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमानें धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून हॉटेलांत मज्जाव करण्यास बंदी घातली, तिच्यामागें असे किती अकरा दिवस उभे असतील!

या अंधारांत वऱ्हाडानेंच एक दिवा लावला. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा. ते शाळेंत शिकले नव्हते. डोक्यावर मडक्याचें खापर, हातांत खराटा, अंगावर चिंध्या, अशा वेषांत त्यांनीं गांवोगांव पायपीट केली. देवळाच्या ओट्यावरून हुसकलेला, नदीकांठीं उपाशी निजलेला उतारू त्यांना पुस्तकांतून कळला नव्हता. ते स्वतःच तो उतारू होते. म्हणून कीर्तनांतून जमलेल्या पैशानें त्यांनीं ऋणमोचन येथें पूर्णेच्या कांठीं घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईंत रुग्णांच्या नातेवाइकांस टेकावयास जागा करून दिली. पंढरपुरच्या धर्मशाळेस चोखामेळ्याचें नांव देण्यांत मोठें औचित्य होतें. ज्या संतास जन्मभर देवळाबाहेर राहावें लागलें, आणि ज्यांचें जन्मगांव म्हणून परंपरा वऱ्हाडांतीलच मेहुणाराजाकडे बोट दाखविते, त्यांच्या नांवानें दार उघडलें. १९४९ सालीं बाबांनीं ही वास्तु डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीकडे येत असतां, वलगांवजवळ पेढी नदीच्या परिसरांत, वाटेंतच त्यांचा देह पडला.

त्यांच्या कामांतील मर्म आपण नीट ध्यानीं घेऊं. भपका त्यांस नको होता. पाणी, झाडलेली जमीन, डोक्यावर छप्पर आणि कोणी हुसकणार नाहीं ही खात्री, एवढ्याच गोष्टी त्यांनीं आधीं पाहिल्या. आज शेगांवच्या गजानन महाराज संस्थानांतील भक्तनिवासांत जो उतरला असेल, त्यास त्याच परंपरेचा प्रत्यय येतो. माफक दर, झाडलोट केलेली खोली, आणि उतारूशीं अदबीनें बोलणारे सेवेकरी. तेथें श्रीमंती थाट नाहीं, परंतु परतणारा माणूस कुरकुरत नाहीं.

आणि आजचें हॉटेल? तें पुष्कळदां छायाचित्रासाठीं बांधलेलें असतें. मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या अकोल्याच्या उन्हांत पश्चिमेस अखंड कांच! आमच्या वाडवडिलांनीं जाड मातीच्या भिंती, धाब्याचें छप्पर आणि ओसरी यांनीं जें ऊन अडविलें, तें आपण पैसे मोजून आंत घेतों आणि पुन्हां पैसे मोजून यंत्रानें बाहेर काढतों. न्हाणीघरासहि कांचेची भिंत. मुलगी आपल्या म्हाताऱ्या वडिलांस दवाखान्यासाठीं घेऊन आली तर त्या दोघांनीं संकोच कोठें लपवावा? दिवसाचा हिशेब दुपारीं बारास संपणारा. पहाटे चारच्या गाडीनें आलेल्यानें आठ तासांसाठीं पुरें एक दिवसाचें भाडें द्यावें. माझी पत्नी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं एका शहरीं गेली असतां आम्ही ज्या लॉजांत उतरलों, तेथील संडासापुढें वीतभर उंचीची पायरी होती. पायरीचा आणि फरशीचा रंग एकच, धरावयास कडी नाहीं. डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसास ती पायरी दिसावी कशी? तीन रात्रीं मी तिचा हात धरून उभा राहिलों. सोबत कोणी नसतें तर काय झालें असतें, हा विचार अद्यापहि मनांतून जात नाहीं.

दवाखान्यांच्या आसपास उतरणाऱ्यांत म्हातारे, आजारी आणि त्यांच्या काळजीनें थकलेलेच पुष्कळ असतात. पायरीस वेगळा रंग, भिंतीस कडी, उशाशीं बटण, फरशीस मोरीकडे उतार आणि दाराआड दोन खुंट्या. यांस संगमरवर लागत नाहीं, फार खर्चहि येत नाहीं. गवंडी काम करीत असतांना कोणी तेवढें सांगणारें हवें.

म्हणून हॉटेल बांधणाऱ्या आमच्या तरुण बंधुभगिनींस एका जुन्या मास्तरची विनंती आहे. उद्घाटनाची फीत कापण्यापूर्वीं आपण एक रात्र त्या खोलींत स्वतः काढावी. शेवटच्या गाडीनें यावें, जड पेटी स्वतः जिन्यावरून न्यावी, दिवा मालवून पलंगावर पडावें, मध्यरात्रीं अंधारांत न्हाणीपर्यंत जावें, सकाळीं ओला पंचा हातांत घेऊन खुंटी शोधावी. आणि शक्य असेल तर घरांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसास सोबत न्यावें. सकाळीं त्यानें काय सांगितलें तें ऐकून मगच गवंड्याचा हिशेब चुकता करावा.