बॉम्बर १३४ : शेवटची सत्तर मिनिटे

न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया. २३ जानेवारी २०२०. अमेरिकेत हिवाळा, इकडे वणव्यांचा कहर. अशा वेळी अमेरिकेतली आग विझवणारी टँकर विमाने चालक दलासह भाड्याने ऑस्ट्रेलियात येतात. ‘बॉम्बर १३४’ हे त्यांपैकीच एक हर्क्युलिस.

दुपारपूर्वी : ॲडॅमिनाबीच्या वणव्यावर दोन मोठे टँकर पाठवायचे ठरते. त्यांच्यापुढे उडून वाट दाखवणाऱ्या छोट्या विमानाचा वैमानिक मात्र जोरदार वाऱ्यामुळे नकार देतो. तरीही टँकरची मोहीम रद्द होत नाही.

१२.०५ : रिचमंड हवाई तळावरून बॉम्बर १३४ निघते. टाकीत सुमारे १५,००० लिटर अग्निरोधक द्रव. विमानात तिघे अमेरिकी : कॅप्टन इयन मॅकबेथ, सहवैमानिक पॉल हडसन, फ्लाइट इंजिनियर रिक डीमॉर्गन.

वाटेत : आधी पोहोचलेले बोइंग ७३७ एकदा द्रव टाकते आणि कळवते, हवा फार वाईट आहे, आम्ही परत येणार नाही. इशारा बॉम्बर १३४ लाही मिळतो. पण नियंत्रण कक्षाची भिस्त एकाच गोष्टीवर : कॅप्टन तिथे जाऊन काय ते ठरवेल.

एकच्या सुमारास : ॲडॅमिनाबीत काम अशक्य असल्याचे मॅकबेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही दिसते. त्यांना पूर्वेकडच्या ‘गुड गुड’ वणव्याकडे वळवले जाते. तिथली घरे वाचवायची आहेत.

१.१५ : काही घिरट्या घालून विमान जमिनीपासून दोनशे फुटांच्या आत उतरते. सुमारे ४,५०० लिटर द्रव टाकून डावीकडे वळत वर चढू लागते. डोंगराळ भागातला वारा अचानक पालटतो, विमानाचा वेग पडतो. अर्ध्या मिनिटाच्या आत ते पीक व्ह्यूजवळ कोसळते. तिघेही जागीच ठार.

ऑगस्ट २०२२ : ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेचा अंतिम अहवाल येतो. एका वैमानिकाने काम नाकारले, तर ते इतरांना कळवण्याची ठरलेली पद्धत अग्निशमन सेवेकडे नव्हती. उड्डाणापूर्वी धोका तोलण्याची पुरेशी व्यवस्था विमान चालवणाऱ्या कंपनीकडेही नव्हती.

परदेशात आग विझवायला आलेल्या माणसाला तिथले डोंगर आणि वारे स्थानिकांइतके ठाऊक नसतात. शिवाय समोर घरे जळत असताना एकट्याने ‘नाही’ म्हणणे फार कठीण. म्हणून मदतीच्या प्रत्येक करारात एक अट हवीच : एकाने नकार दिला की त्याचे कारण सर्वांना कळवायचे, आणि धोका नव्याने तपासल्याशिवाय दुसऱ्याला तिथे धाडायचे नाही.