'एक सेंट नव्हे'

१८६२च्या उन्हाळ्यात उत्तर अमेरिकी राज्यांतल्या बाजारातून मोड नाहीशी झाली. यादवी युद्धाचे ते दुसरे वर्ष. नोटांच्या बदल्यात सोने देणे बँकांनी आदल्या डिसेंबरअखेर थांबवले होते. मग लोकांनी सोने, चांदी आणि शेवटी साधे सेंटसुद्धा घरात दडवले. जुलैत सरकारने टपाल तिकिटांना चलन म्हणून मान्यता दिली, पण ती बोटांना चिकटत.

तेव्हा दुकानदारांनी सेंटच्या आकाराची टोकने पाडून घेतली. काहींवर दुकानाचे नाव-पत्ता, काहींवर नुसता झेंडा आणि देशभक्तीची घोषणा. एका प्रकारावर ठळक 'एक सेंट' दिसे आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'नव्हे'. खोट्या नाण्याचा आरोप टाळण्याची ही युक्ती. भाषांतर करताना मी इथे अडते: इंग्रजीत नकार आधी येतो, म्हणून तो वर लपवता आला. मराठीत तो शेवटी येऊन उघडा पडला असता. तरी गिऱ्हाइकांना तो कळत नव्हता असे नाही. दुकानदार ओळखीचा होता, म्हणून टोकन चालत होते.

ही ओळख कुठे संपते, ते न्यूयॉर्कच्या गुस्तावस लिंडेनम्युलर या गुत्तेवाल्याने दाखवले. त्याने दहा लाखांवर टोकने बाजारात सोडली, असे सांगतात. थर्ड अव्हेन्यू रेल्वेकडे भाड्यापोटी त्यांचा ढीग साचला. कंपनीने ती बदलून मागितली, तेव्हा त्याने साफ नकार दिला.

१८६४मध्ये कायद्याने खाजगी नाणी बंद झाली. त्याच वर्षी सरकारने निकेलमिश्रित जाड सेंट सोडून पातळ कांस्य सेंट आणला. हलक्या धातूचे नाणेही लोक स्वीकारतात, हे टांकसाळीच्या प्रमुखांना या टोकनांवरूनच दिसले होते.

आज संग्राहक कोरी, चकचकीत टोकने शोधतात. त्या काळीही काही टोकने चांदीत, खास हौशी लोकांसाठी पाडली जात. मला मात्र झिजलेले टोकन हवे. त्यावरचा झेंडा पुसट झालेला असतो, 'नव्हे' तर वाचताही येत नाही. ते इतक्या हातांतून गेले, म्हणजे तितक्या वेळा कुणीतरी त्याच्या बदल्यात काही ना काही दिले होते.