मणक्याच्या दुखापतीनंतरचा पक्षाघात : नवे उपचार आणि पुनर्वसन

मज्जारज्जूला इजा झाल्यावर त्याखालची हालचाल, संवेदना आणि लघवी-शौचावरचा ताबा कमी होतो किंवा जातो. तुटलेले मज्जातंतू पूर्ववत जोडणारे औषध आज उपलब्ध नाही.

विद्युत उत्तेजन : २०१८ मध्ये अमेरिका व स्वित्झर्लंडमध्ये कमरेच्या भागात मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून, सखोल सरावानंतर मोजके रुग्ण आधाराने पावले टाकू शकले. मात्र पाय पूर्ववत झाले नाहीत.

स्टेम सेल : आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात हा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीत देता येतो आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. कोणी लाखोंचे पॅकेज सांगितले, तर शेत विकण्याआधी चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा.

पुनर्वसन : खरा फरक इथे पडतो. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला, त्वचा रोज तपासा, सांधे हलवत राहा, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ठरावीक वेळी कॅथेटरने लघवी काढा. व्हीलचेअर म्हणजे हार नव्हे. तिच्यामुळे रुग्ण घराबाहेर पडतो.

धोक्याची खूण : मान किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्या रुग्णाचे डोके अचानक ठणकले, चेहऱ्याला घाम सुटला, तर त्याला ताठ बसवा, लघवी तुंबली आहे का पाहा आणि लगेच रुग्णालयात न्या.