युझेन
युझेन : किमोनोच्या रेशमावर तांदळाच्या खळीने रंग अडवून हाताने नक्षी रंगवण्याची जपानी पद्धत. मुख्य केंद्रे क्योतो व कानाझावा. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोतील मियाझाकी युझेनसाई याने रंगवलेल्या पंख्यांना फार मागणी होती. त्याच्या धाटणीची नक्षी कपड्यांवर उतरली आणि पद्धतीला त्याचेच नाव मिळाले. खळीची युक्ती त्याच्या आधीची. १६८३ मध्ये शोगुनच्या शासनाने सोन्याचे भरतकाम आणि अंगभर बारीक बांधणीचे (कानोको) कपडे यांवर बंदी घातल्याने व्यापारी घरांतील स्त्रियांची हौस रंगकामाकडे वळली होती.

किमोनोचे ठाण सुमारे १२ मीटर लांब आणि जेमतेम ३६–३८ सेंमी. रुंद असते. खांद्यावरची फांदी शिवण ओलांडून बाहीवर नेमकी जुळावी म्हणून पांढरे रेशीम आधी बेतून कच्चे शिवतात, त्यावर चित्र आखतात आणि पुन्हा उसवतात. आखणी आओबाना या निळ्या फुलाच्या रसाने होते. हे झाड आपल्या केन्याच्या जातकुळीतले; त्याचा निळा रंग पाण्याने निघून जातो. मग चिकट तांदळाचे पीठ व कोंडा शिजवून केलेली खळ मेंदीच्या कोनासारख्या कागदी नळकांड्यातून आखणीवर दोऱ्याएवढी बारीक सोडतात. कापडाला सोयाबीनचे दूध लावून खळीच्या कुंपणात कुंचल्याने रंग भरतात. रंगवलेली नक्षी खळीने झाकली, की रुंद कुंचल्याने जमीन रंगवायची, वाफेवर रंग पक्का करायचा आणि खळ धुऊन काढायची. खळ होती तिथे केसासारखी पांढरी रेघ उरते. युझेनचा सारा जीव या न रंगवलेल्या रेघेत आहे. खरे हातकाम ओळखायचे तर आधी तीच पाहावी.

क्योतोच्या युझेनवर सोन्याचा वर्ख व भरतकामही चढते. कानाझावाचे कागा-युझेन ते सहसा टाळते : नीळ, किरमिजी, गेरूपिवळा, गवती हिरवा व जांभळा या पाच रंगांवर भिस्त, आणि पानांवर किडीने खाल्लेली भोकेसुद्धा निष्ठेने रंगवलेली. झडत्या पानाविषयीचा हा जिव्हाळा सोन्याहून मोलाचा वाटतो.

मेइजी काळात (१८६८–१९१२) हिरोसे जिसुके याने कृत्रिम रंग खळीतच मिसळून कागदी साच्यांतून छपाई सुरू केली व युझेन सामान्य घरांच्या आवाक्यात आले. क्योतोच्या कामो नदीतील ठाणांची धुलाई प्रदूषणामुळे थांबली. कानाझावाच्या आसानो नदीत ती अधूनमधून दिसते.

मोरिगुची काको याने वाळलेल्या खळीचा चुरा ओल्या रेशमावर भुरभुरण्याचे जुने तंत्र पुन्हा वापरात आणले. १९६७ मध्ये त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला, २००७ मध्ये त्याचा मुलगा कुनिहिको यालाही. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या कुनिहिकोने फुलांऐवजी भौमितिक आकृत्या निवडल्या. त्याही खळीनेच राखलेल्या आहेत.